दारू मेंदूत काय वाढवते

दारूने मेंदूतल्या पेशी मरतात, हे बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. ते खोटं नाही. वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यांच्या मेंदूत पेशी कमी झालेल्या आढळतात, आणि त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. पण तेवढ्यावरून एका साध्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. यकृत बिघडलंय, काम सुटलंय, घरात कुणी नीट बोलत नाही, आणि सोडायची आहे असं पिणारा माणूस स्वतःच मनापासून म्हणतोय. तरी संध्याकाळ झाली की पाय तिकडेच का वळतात? पेशी मेल्या तर माणूस विसराळू होईल, त्याचा तोल जाईल, पण तलफ कशी येईल? तलफ यायला मेंदूत काहीतरी जिवंत आणि जोरकस असावं लागतं.

ते काय आहे, हे गेल्या दहा-पंधरा वर्षांत बरंच उलगडत आलं आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत असं दिसलं, की भरपूर दारूमुळे मेंदूच्या एका ठरावीक भागातल्या ठरावीक पेशींच्या फांद्या वाढतात, त्या फांद्यांवरचे जोड पक्के होतात, आणि अशा वाढलेल्या पेशी आणखी दारूकडे ढकलतात. पिण्यामुळे पेशी बदलते आणि बदललेली पेशी प्यायला लावते. या सगळ्या विषयात मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. 'त्याचा मनावर ताबाच नाही' असं म्हणून आपण ज्याची बोळवण करतो, त्याला मायक्रोस्कोपखाली दिसणारा आकार आहे.

फांद्यांवरचे उंचवटे

माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी असतात. प्रत्येक न्यूरॉनला दोन प्रकारचे तंतू असतात. एक लांब तंतू संदेश पुढे नेतो. बाकीचे आखूड, फुटत जाणारे तंतू इतर पेशींकडून संदेश घेतात. या घेणाऱ्या फांद्यांना डेंड्राइट म्हणतात. डेंड्राइटवर बारीक बारीक उंचवटे असतात, त्यांना स्पाइन म्हणतात. एका पेशीवर ते हजारोंच्या संख्येने असू शकतात. एक स्पाइन साधारण एका मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.

हे उंचवटे पहिल्यांदा नीट पाहिले ते सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाने, १८८८ मध्ये, पक्ष्यांच्या मेंदूत. पेशी रंगवण्याची जी पद्धत त्याने वापरली ती इटलीच्या कामिलो गोल्जीने १८७३ मध्ये शोधली होती, आणि पुढे १९०६ चं नोबेल दोघांना मिळून मिळालं. गंमत अशी, की त्या काळी अनेकांना हे उंचवटे म्हणजे रंगाचे नुसते डाग वाटत होते. काहाल मात्र ठाम होता. १९५९ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने शिक्कामोर्तब केलं: एका पेशीचा संदेश दुसरीला जिथे मिळतो ते सिनॅप्स नावाचे जोड या उंचवट्यांवरच बसलेले असतात.

स्पाइनचा आकार महत्त्वाचा आहे, कारण आकारावरून त्याची ताकद कळते. काही स्पाइन बारीक, लांबट असतात. ते येतात आणि जातात, जणू चाचपून बघतात. काहींचं डोकं मोठं आणि देठ बारीक असतो, अगदी अळंबीसारखं, आणि शास्त्रज्ञही त्यांना तेच नाव देतात. अळंबीच्या आकाराचा स्पाइन म्हणजे पक्का झालेला जोड. त्याच्या मोठ्या डोक्यावर संदेश पकडणारे रिसेप्टर जास्त असतात, त्यामुळे पलीकडून आलेल्या हलक्याशा इशाऱ्यालाही तो जोरात प्रतिसाद देतो. आणि तो टिकतो. आपण काहीही शिकतो, सायकल असो, पाढे असोत, एखाद्याचा चेहरा असो, तेव्हा मेंदूत कुठेतरी काही स्पाइन फुगतात, काही नवे उगवतात, काही मिटतात. शिकणं ही पेशींच्या पातळीवर बऱ्याच अंशी बांधकामाची गोष्ट आहे.

आणि दारू नेमकी याच यंत्रणेला हात घालते.

पेला रिकामा होतो तेव्हा

दारूतला अल्कोहोलचा रेणू फार लहान असतो. पाण्यात सहज मिसळतो, चरबीच्या पापुद्र्यातूनही पार होतो, त्यामुळे रक्तातून मेंदूत जायला त्याला काही मिनिटं पुरतात. तिथे तो एकाच वेळी अनेक ठिकाणी ढवळाढवळ करतो. मेंदूत पेशींना शांत करणारं एक रसायन असतं, गाबा. दारू त्याचा परिणाम वाढवते. पेशींना चेतवणारं रसायन म्हणजे ग्लुटामेट. दारू त्याच्या एका महत्त्वाच्या रिसेप्टरला, एनएमडीए रिसेप्टरला, दाबते. शांत करणारं वाढलं, चेतवणारं दबलं. म्हणून जीभ जड होते, काळजी विरते, पावलं अडखळतात. खूप प्यायल्यावर रात्रीचं काहीच आठवत नाही तेही यामुळेच, कारण नवी आठवण कोरायला हिप्पोकॅम्पस या भागात एनएमडीए रिसेप्टर लागतात. तेव्हाची आठवण पुसली गेलेली नसते. ती कोरलीच गेलेली नसते.

याच्या जोडीला दारू शरीराची स्वतःची अफूसदृश रसायनं, एंडॉर्फिन, सोडायला लावते, आणि डोपामिनही. डोपामिनला सगळे 'आनंदाचं रसायन' म्हणतात. हा शब्दप्रयोग मला दिशाभूल करणारा वाटतो. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिन पेशींचे संदेश नोंदवले, तेव्हा दिसलं की अनपेक्षित बक्षीस मिळालं की या पेशी पेटून उठतात. पण बक्षिसाआधी दरवेळी एखादा दिवा लागत असेल, तर काही दिवसांनी त्या बक्षिसाला नाही, दिव्यालाच उठतात. थोडक्यात, 'आत्ता जे केलंस ते लक्षात ठेव, पुन्हा कर' असा शिकवणीचा इशारा डोपामिन देतं. दारू हा इशारा थेट रसायनानेच वाजवते, त्या क्षणी खरोखर काही चांगलं घडलेलं असो वा नसो.

'कर' आणि 'थांब'

हा इशारा जिथे सर्वांत जोरात पोचतो तो भाग म्हणजे स्ट्रायटम. मेंदूच्या आत, खोलवर. काय करायचं आणि काय नाही, यातली निवड इथे घडते. इथल्या बहुसंख्य पेशी एकाच घराण्यातल्या, मध्यम आकाराच्या आणि स्पाइनांनी गच्च भरलेल्या. पण त्यांच्यात दोन जाती आहेत. काहींवर डी-१ नावाचे डोपामिन रिसेप्टर असतात, काहींवर डी-२. दिसायला सारख्या, शेजारी शेजारी, एकमेकींत मिसळलेल्या. कामं मात्र उलटी. डी-१ पेशी 'कर' म्हणणाऱ्या वाटेवरच्या, डी-२ पेशी 'थांब' म्हणणाऱ्या. हे ढोबळ सांगणं झालं. कुठलीही साधी हालचाल करतानाही दोन्ही जाती एकाच वेळी काम करत असतात. तरी दारूच्या संदर्भात ही विभागणी बरीच उपयोगी ठरते.

२०१५ मध्ये टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या जुन वांग यांच्या गटाने एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना भरपूर दारू पिऊ दिली, मध्ये मध्ये खंड पाडून, आणि मग स्ट्रायटमच्या आतल्या बाजूच्या वरच्या भागातल्या दोन्ही जातींच्या पेशी वेगवेगळ्या तपासल्या. डी-१ पेशींच्या फांद्या वाढलेल्या, जास्त गुंतागुंतीच्या झालेल्या आढळल्या. त्यांवर अळंबीच्या आकाराचे, पक्के स्पाइन दारू न मिळालेल्या प्राण्यांपेक्षा जास्त होते. या पेशी आता सहज पेटायच्याही. डी-२ पेशींमध्ये असं काही झालं नव्हतं. आणि मेंदूच्या त्याच भागात डी-१ रिसेप्टर बंद करणारं औषध सोडलं, तेव्हा प्राण्यांचं पिणं कमी झालं. हे शेवटचं निरीक्षण नसतं तर पेशीतला बदल हा दारूचा नुसता एक परिणाम आहे, असं म्हणून सोडून देता आलं असतं. आता ते शक्य नाही. बदललेली पेशी पिण्याच्या कारणांपैकी एक आहे.

त्याच गटाने नंतर दाखवलं, की दुसऱ्या बाजूलाही काहीतरी चालू असतं. भरपूर दारूनंतर डी-१ पेशींवरचे चेतवणारे जोड बळकट होतात, तर डी-२ पेशींवरचे शांत करणारे, गाबाचे जोड बळकट होतात. म्हणजे 'कर' म्हणणाऱ्याचा आवाज चढतो आणि 'थांब' म्हणणाऱ्याला गप्प केलं जातं. दोन वेगळ्या जातींच्या पेशींत दोन वेगळे बदल, पण दोन्हींचा रोख एकच. पिणाऱ्याला जवळून पाहिलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटेल. ओढ वाढते आणि आवर सुटतो, दोन्ही एकदम.

पेशीच्या आत हे बांधकाम होतं कसं? स्पाइन मोठा करायचा तर त्यासाठी प्रथिनं लागतात, आणि ती तयार करायला कुणीतरी हुकूम द्यावा लागतो. मेंदूत हा हुकूम देणाऱ्या यंत्रणांपैकी एक आहे एमटॉर. कॅलिफोर्नियातल्या डोरित रॉन यांच्या गटाने उंदरांत दाखवलं, की दारू स्ट्रायटमचाच एक भाग असलेल्या न्यूक्लिअस अॅकम्बेन्समध्ये ही यंत्रणा चालू करते, आणि सिनॅप्सच्या बांधणीला लागणारी प्रथिनं तिथे वाढतात. रॅपामायसिन हे औषध एमटॉर बंद करतं. ते दिल्यावर प्राण्यांचं पिणं आणि दारूसाठीची धडपड उतरली. आणखी एक रस्ता यकृतातून येतो. दारू मोडून तिथे शेवटी अॅसिटेट बनतं, ते रक्तातून मेंदूत पोचतं, आणि २०१९ मधल्या एका अभ्यासानुसार थेट पेशीकेंद्रात जाऊन डीएनए ज्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांना चिकटतं. त्यामुळे शिकण्याशी संबंधित काही जनुकं चालू होतात. मेंदूपासून इतक्या लांब, पोटात दारूचं काय होतं याचे धागे आठवणीपर्यंत पोचतात, हे वाचून मी तरी थक्क झालो होतो.

पुढे एक बदल होतो, आणि तो ध्यानात घेण्यासारखा आहे. सुरुवातीला माणूस कशासाठी तरी पितो: मजेसाठी, झोपेसाठी, विसरण्यासाठी. त्या काळात स्ट्रायटमचा आतला भाग, जिथे हे डी-१ बदल सापडले, तो हेतू धरून केलेल्या कृती सांभाळतो. पिणं जुनं झालं की सूत्रं हळूहळू स्ट्रायटमच्या बाहेरच्या भागाकडे जातात, आणि तो भाग सवयीचा आहे. सवयीला हेतू लागत नाही. खूण दिसली की कृती सुरू: तो रस्ता, ती वेळ, ते मित्र, बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज. 'आता मजाही येत नाही, तरी पितो,' असं कुणी म्हणतं तेव्हा आपल्याला ते पटत नाही. मेंदूच्या दृष्टीने त्यात विसंगती काहीच नाही.

न पिण्याचे तास

आतापर्यंत प्यायल्यावर काय होतं ते पाहिलं. व्यसनाचा निम्मा जोर मात्र न पिण्याच्या तासांत तयार होतो.

मेंदू कुठलाही दाब फार काळ मुकाट सहन करत नाही. दारू रोज शांत करणाऱ्या बाजूला जोर लावत असेल, तर मेंदू स्वतःची शांत करणारी यंत्रणा कमी करतो आणि चेतवणारी वाढवतो. गाबाचे रिसेप्टर मंदावतात, एनएमडीए रिसेप्टर वाढतात. म्हणून आधी दोन पेल्यांत चढायची, तीच आता चढायला पाच लागतात. रस्सीखेचीत समोरचा संघ जितका ओढतो तितकाच आपण मागे रेलतो, तसं हे आहे. आणि समोरच्यांनी अचानक दोर सोडला तर काय होतं ते सांगायला नको. दारू थांबली की चेतवणारी बाजू मोकाट सुटते. हात थरथरतात, घाम येतो, छाती धडधडते, झोप लागत नाही, विनाकारण भीती वाटते.

इथे सगळं बाजूला ठेवून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. जो माणूस बराच काळ रोज भरपूर पितो आहे, त्याने एकट्याने, घरच्या घरी, एकाएकी दारू बंद करणं जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेल्यानंतर ६ ते ४८ तासांत झटके येऊ शकतात. साधारण दोन-तीन दिवसांनी काहींना डिलिरियम ट्रेमेन्स होतो: भ्रम, भास, ताप, रक्तदाबाची उसळी. त्यावर उपचार आहेत, ते प्रभावी आहेत, पण ते डॉक्टरच्या देखरेखीखालीच घ्यायचे असतात. 'हिंमत असेल तर आजपासून बंद कर' असं प्रेमापोटी सुनावणाऱ्या घरच्यांना हे माहीत असायलाच हवं. शिवाय वारंवार सोडणं आणि वारंवार सुरू करणं यांत प्रत्येक वेळचा त्रास आधीपेक्षा वाढत जाण्याची शक्यता असते. प्राण्यांमध्येही एक दिवस दारू, एक दिवस नाही, असा खंड पाडला की ते सतत दारू मिळणाऱ्यांपेक्षा जास्त पिऊ लागतात. 'मी रोज कुठे पितो, फक्त सुट्टीला' हे वाक्य म्हणूनच मला धीर देत नाही. एका बैठकीत किती, हाही प्रश्न आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मद्यसंशोधन संस्थेच्या व्याख्येनुसार सुमारे दोन तासांत पुरुषाने ५ किंवा स्त्रीने ४ प्रमाणित पेले घेतले, तर ते एकदम अति पिणं ठरतं. तिथला एक प्रमाणित पेला म्हणजे १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल.

दारू उतरल्यावरची ती बेचैनी मेंदूच्या आणखी एका भागात बसलेली असते, अॅमिग्डालामध्ये. भीती आणि ताण यांचं हे ठिकाण. जॉर्ज कूब या अमेरिकन शास्त्रज्ञाने अनेक वर्षं यावर काम केलं. त्यांचं म्हणणं, की व्यसन मुरलं की माणूस सुखाकडे धावत नसतो, तो दुःखापासून पळत असतो. अॅमिग्डालातली ताणाची रसायनं वाढलेली असतात आणि पेला घेतला की ती तेवढ्यापुरती बसतात. शिकागोतल्या सुभाष पांडे यांच्या गटाने याच भागातल्या स्पाइनचा अभ्यास केला. दारू मिळत असलेल्या प्राण्यांची दारू तोडली की अॅमिग्डालात स्पाइन कमी होतात, आणि त्याच वेळी प्राणी घाबरे होतात.

म्हणजे स्ट्रायटममध्ये ओढ लावणारे जोड वाढलेले, आणि अॅमिग्डालात मन स्थिर ठेवायला मदत करणारे जोड झडलेले. एकीकडची वाढ आणि दुसरीकडची झीज माणसाला एकाच बाटलीकडे नेतात. वरवर पाहता 'दारू मेंदू नष्ट करते' या वाक्यापेक्षा हे कमी भयंकर वाटेल. मला ते जास्त भयंकर वाटतं. खराब झालेला भाग ओळखता तरी येतो. इथे मेंदू त्याचं नेहमीचं काम, शिकण्याचं आणि जुळवून घेण्याचं, अगदी चोख करत असतो, आणि त्यातूनच माणूस अडकतो.

जे झडतं ते

आता मरणाऱ्या पेशींविषयी. ऑस्ट्रेलियात क्लाइव्ह हार्पर आणि जिलियन क्रिल यांनी मृत्यूनंतरच्या मेंदूंची तपासणी केली. १९८७ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्यांच्या मेंदूत, कपाळामागच्या भागाच्या वरच्या पट्ट्यात, न्यूरॉन सुमारे २२ टक्के कमी होते. उरलेल्यांच्या डेंड्राइटही आक्रसलेल्या आढळल्या. मेंदूतला पांढरा भाग, म्हणजे पेशींना जोडणाऱ्या लांब तंतूंचे जुडगे, तोही आटलेला. कपाळामागचा हा मेंदू परिणाम तोलतो, उद्याचा विचार करतो, आतून आलेल्या उबळीला 'जरा थांब' म्हणतो. स्ट्रायटममध्ये 'थांब'चा आवाज दबलेला आणि वरून येणारा 'थांब'ही क्षीण झालेला. मग 'इच्छाशक्ती वापर' हा सल्ला कुठल्या अवयवाला द्यायचा?

दारूबरोबर उपासमार किंवा कुपोषण असेल तर थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, कमी पडतं. त्यातून वेर्निके आणि कोर्साकॉफ यांच्या नावाने ओळखला जाणारा विकार होतो: आधी गोंधळ, डोळ्यांच्या हालचालीत बिघाड, तोल जाणं, आणि वेळेत थायामिन मिळालं नाही तर नव्या गोष्टी लक्षात ठेवण्याची क्षमताच कायमची जाऊ शकते. वेळेवर दिलेलं एक साधं जीवनसत्त्व हे टाळू शकतं, म्हणून एवढा उल्लेख.

पंचविशीच्या आधी दारू सुरू करणाऱ्यांबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण कपाळामागचा मेंदू पुरता तयार व्हायला साधारण तेवढी वर्षं जातात. किशोरवयात दारू दिलेले उंदीर मोठेपणी जास्त घाबरे होतात आणि जास्त पितात. पांडे यांच्या गटाला त्यांच्या अॅमिग्डालात आर्क नावाच्या जनुकाचं काम मंदावलेलं आढळलं. हे जनुक स्पाइनच्या घडणीत भाग घेतं. मंदावण्याचं कारण असं, की जनुक तसंच होतं, पण त्याच्याभोवतीची रासायनिक गुंडाळी घट्ट झालेली होती. २०२२ मध्ये त्यांनी क्रिस्पर या जनुकं बदलण्याच्या तंत्राच्या एका सुधारित रूपाने, डीएनए न कापता, फक्त ती गुंडाळी सैल केली. मोठ्या झालेल्या त्या उंदरांची भीती कमी झाली आणि पिणंही. उंदरातून माणसापर्यंतचं अंतर मोठं आहे. तरी किशोरवयात बसलेला ठसा मोठेपणी उलटवता येतो, एवढं यातून कळलं, आणि हे काही थोडं नाही.

काय परत येतं

अंतराचा विषय निघालाच आहे तर सांगतो: या लेखातले स्पाइनविषयीचे बहुतेक निष्कर्ष प्राण्यांवरचे आहेत. जिवंत माणसाच्या मेंदूतला एकेक स्पाइन एमआरआयमध्ये दिसत नाही. तो फार लहान असतो. माणसांमध्ये दिसतात ते मोठे बदल. उदाहरणार्थ, नोरा व्होल्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १९९६ मध्ये पेट स्कॅनमध्ये दारूचं व्यसन असलेल्यांच्या स्ट्रायटममध्ये डी-२ रिसेप्टर कमी आढळले. शिवाय उंदराला कर्ज नसतं, अपमान नसतो, एकटेपणाची माणसासारखी जाणीव नसते. जुळ्यांच्या अभ्यासांवरून दारूच्या व्यसनाच्या धोक्यात आनुवंशिकतेचा वाटा साधारण निम्मा धरतात, म्हणजे उरलेला निम्मा आयुष्याचा. पेशींच्या कहाणीत ते आयुष्य मावत नाही.

आता चांगली बाजू. दारू थांबली की मेंदू सावरू लागतो. आक्रसलेला मेंदू काही आठवड्यांत भरू लागतो, पहिल्या महिन्यात सर्वांत वेगाने, आणि पुढे कित्येक महिने ही सुधारणा चालू राहते. लक्ष, स्मरण, विचार करण्याचा वेग यांतही बऱ्याच जणांना फरक पडतो. मेलेल्या पेशी मात्र परत येत नाहीत. परत येतात त्या बऱ्याचशा फांद्या, पांढऱ्या भागाचे तंतू आणि त्यांवरची आवरणं.

अडचण वाढलेल्या गोष्टींची आहे. पक्का झालेला स्पाइन टिकाऊ असतो, पाढ्यांचा असो की पेल्याचा. म्हणून सहा महिने, दोन वर्षं न प्यायलेल्या माणसालाही एखाद्या ओळखीच्या वासाने किंवा जुन्या कोपऱ्यावर अचानक जोराची उबळ येते. घरच्यांना वाटतं, इतके दिवस नाटक होतं का? नाटक नव्हतं. जुना जोड जागा झाला. हे माहीत असलेलं कुटुंब त्या दिवशी वेगळं वागू शकतं: 'पुन्हा तेच केलंस' म्हणण्याऐवजी 'कुठे होतास, काय दिसलं, कुणी भेटलं' असं विचारू शकतं. खूण कोणती ते कळलं तर ती टाळण्याची किंवा तिला तोंड देण्याची तयारी करता येते, आणि समुपदेशनात याच गोष्टीवर खूप काम होतं.

औषधंही आहेत, आणि त्यांच्याबद्दल अजून फार कमी बोललं जातं याची मला खंत वाटते. नाल्ट्रेक्सोन एंडॉर्फिनचे रिसेप्टर अडवतं. दारूतून मिळणारी ती किक कमी होते, शिकवणीचा इशारा कमजोर पडतो. अमेरिकेत १९९४ पासून दारूसाठी ते मान्य आहे. अकॅम्प्रोसेटचं काम ग्लुटामेटच्या बिघडलेल्या तोलाशी जोडलेलं मानतात आणि दारू सोडलेल्यांना सोडलेली ठेवायला ते मदत करतं. दोन्ही औषधं सर्वांना सारखी लागू पडत नाहीत. यकृताची आणि मूत्रपिंडाची तब्येत बघून डॉक्टर निवड करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ४० कोटी लोक दारूच्या व्यसनाने किंवा तिच्या घातक वापराने ग्रासलेले होते. त्यांतल्या फार थोड्यांपर्यंत कुठलेही उपचार पोचतात.

मग सरळ डी-१ रिसेप्टरच बंद करणारं औषध का देत नाहीत? कारण डी-१ पेशी फक्त दारूसाठी नसतात. चालणं, खाणं, नवं शिकणं, सकाळी उठावंसं वाटणं, या सगळ्यांत त्यांचा हात असतो. सगळ्या बंद केल्या तर माणूसच मंद होईल. हवं ते असं, की फक्त दारूने पक्के केलेले जोड सैल व्हावेत आणि बाकीचे तसेच राहावेत. वांग यांच्या गटाने २०१८ मध्ये उंदरांत तेवढंच करून पाहिलं. मेंदूच्या वरच्या थरातून स्ट्रायटमच्या डी-१ पेशींवर येणारे जोड त्यांनी प्रकाशाच्या झोतांनी ठरावीक लयीत चेतवून कमजोर केले. त्यानंतर प्राण्यांची दारूसाठीची धडपड कमी झाली, आणि हा परिणाम टिकला. माणसाच्या मेंदूत अशी प्रकाशाची तार घालता येणार नाही. कवटीबाहेरून चुंबकीय लहरींनी काही भागांना चेतवण्याचे प्रयोग मात्र माणसांवर सुरू आहेत. नेमका कुठला भाग, कुठली लय आणि किती दिवस, याचा शोध त्या प्रयोगांत घेतला जातो आहे.